चौकच्या पत्त्यावर

"बायांनो, आता घरी जा. तांदूळ उद्या निवडू," अंगणात पाऊल टाकता टाकताच जया म्हणाली, आणि येसूबाईच्या तोंडातला धवला अर्ध्यावर राहिला.

धवला अर्ध्यावर तोडणं म्हणजे केवढा अपशकुन, हे या घराला कुणी शिकवायला नको होतं. येसूबाई चाळीस वर्षं चौकपासून खालापूरपर्यंतच्या लग्नांत धवले गात आली होती. भटजीला उशीर झाला तर चालेल, धवलारीण वेळेवर पाहिजे, असा तिचा मान. आज तर सख्ख्या नातीच्या लग्नाचे तांदूळ निवडायला भावकीतल्या पंधरा बाया बसलेल्या, सुपं भरलेली, म्हातारीचा आवाज लागलेला. आणि धाकटी सून पनवेलहून येते काय, चप्पल न काढता सगळ्यांना उठवते काय! बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने तर वेचलेला खडा गडबडीत परत सुपातच टाकला.

"लागलं काय गं हिला?" येसूबाई म्हणाली. "पोरीच्या लग्नाचा धवला तोडलास तू!"

"तोडला. उठा गं बायांनो."

बाया उठल्या. थोरली जाऊ आनंदी सुपं गोळा करायला लागली. आता काहीतरी बघायला मिळणार, हे तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. अठ्ठावीस वर्षं या दोघी जावांनी एका चुलीवर भाकऱ्या भाजल्या, पण त्यातली वीस तरी कामापुरतं बोलूनच.

"ताई, तुमी थांबा," जया तिला म्हणाली. "भाऊजींना फोन करा. गॅरेज बंद करून लगेच घरी या म्हणावं. आणि ह्यांना पण बोलवा. कंपनीतली पाळी कधीच सुटली असंल."

"कशाला पण?"

"आल्यावर सांगते. दोनदा सांगायची ताकद नाय मला."

ती माजघरात जाऊन भिंतीला टेकून बसली. पर्स मांडीवर. पर्समध्ये फोन, आणि फोनमध्ये तो फोटो.

छातीच्या डाव्या बाजूला गणपतीपासून सूज होती. आता माघ सरत आला होता. मागच्या आठवड्यात पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी सुई घालून पाणी काढलं, तपासायला पाठवलं, आणि आज समोर बसवून सांगितलं. जयाने आधी एवढंच विचारलं होतं, "परत तोच?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तो नाही. हा स्तनाचा कॅन्सर नाही. हा दुसराच कॅन्सर, याला लिम्फोमा म्हणतात. तुमच्या छातीत जी सिलिकॉनची पिशवी बसवली आहे ना, वरून खरखरीत असलेली, तिच्याभोवती शरीर एक साल तयार करतं. त्या सालीत हा होतो. फार थोड्या बायकांना होतो, आठ-दहा वर्षांनी. लवकर कळला तर पिशवी सालीसकट काढायची, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं." मग त्यांनी काखेत बोटं दाबली. काखेत हरभऱ्याएवढी गाठ होती. "सूज आली त्याच आठवड्यात का आला नाहीत हो? तुम्हाला पत्र आलं नव्हतं?"

कसलं पत्र, म्हणून जया त्यांच्याकडे बघत राहिली. डॉक्टरीणबाईंनी मुंबईच्या त्या जुन्या हॉस्पिटलात फोन लावला. तिथल्या माणसाने फाइल काढली. त्या जातीच्या पिशव्या बसवलेल्या सगळ्या बायकांना चार वर्षांपूर्वी रजिस्टर पत्र गेलं होतं. त्रास नसेल तर काढू नका, दरवर्षी तपासून घ्या, पण सूज आली तर एक दिवसही थांबू नका, असं. जयाचंही गेलं होतं. पोचपावती परत आली होती, सहीसकट. त्याने पोचपावतीचा फोटो पाठवला.

सही थोरल्या दिरांची, गजाभाऊजींची होती.

ते पत्र त्यांच्याकडे कसं गेलं, हे मात्र जयाला कुणी सांगायला नको होतं. नऊ वर्षांपूर्वी तिच्या छातीत गाठ निघाली तेव्हा या घराने त्या गाठीचं बारसं केलं, 'पित्ताचे खडे'! गावाला तेच, पाहुण्यांना तेच. येसूबाईची नणंद गोदूबाई याच रोगाने मागच्या खोलीत सडून मेली होती, आणि तिच्या तिन्ही पोरींकडे पुढे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. दोघी बिजवरांना दिल्या, तिसरी तशीच राहिली. ते येसूबाईने डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणून तिने हुकूम सोडला, बाहेर अवाक्षर जायचं नाही. गावचा पोस्टमन पाकिटाआधी बातमी पोचवतो, तेव्हा हॉस्पिटलात पत्ता लिहिला चौकच्या गॅरेजचा आणि फोन नंबर गजाभाऊजींचा. डॉक्टर छाती काढायची म्हणाल्यावर जया म्हणाली होती, काढा आणि सपाट राहू द्या, मला काय आता मिरवायचं आहे? तर येसूबाई म्हणाली, "हळदीला बाया अंगाला हात लावतात. सपाट लागलं तर काय सांगशील?" म्हणून ती पिशवी. लोकांच्या हाताला लागू नये म्हणून जी बसवली, तिनेच हा नवा रोग आणला, आणि लोकांच्या डोळ्यांना दिसू नये म्हणून जो पत्ता दिला, त्याने तो सांगू दिला नाही. जयाला वाटलं, घरातलं एकेक भांडं उचलून अंगणात फेकावं.

गजानन आला तो हाताला ऑइल घेऊनच. मागून जयाचा नवरा मनोज. तो आत आला नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

जयाने फोन पुढे धरला. "भाऊजी, ही सही कुणाची?"

"माझीच दिसतीय." गजाननने डोळे बारीक केले. "कशावरची हाय?"

"हॉस्पिटलचं पाकीट. चार वर्षांपूर्वीचं. तुमी सही करून घेतलंत."

"कसलं पाकीट?" आनंदी म्हणाली.

"कसलं गं पाकीट?" येसूबाई म्हणाली.

"अगं, गॅरेजात रोज छप्पन्न टपालं येतात," गजानन म्हणाला. "बँकेची, टायर कंपनीची. मला काय आठवणार हाय?"

"त्या पाकिटात लिहिलं होतं, सूज आली तर एक दिवस थांबू नका. मी सहा महिने थांबले. आता मला दुसरा कॅन्सर झालाय. काखेपर्यंत गेलाय."

आनंदीच्या हातातलं सूप खाली टेकलं. येसूबाईने पदर तोंडाला लावला. आणि तेवढ्या वेळात जयाच्या एक गोष्ट लक्षात आली. कसलं पाकीट, असं सगळ्यांनी विचारलं. एकट्या मनोजने विचारलं नाही.

तिने त्याच्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

गजाननही त्याच्याकडेच बघत होता. "मन्या, बोल ना रं," तो म्हणाला. "माझ्या गळ्यात कशाला ठेवतोस? मला इंग्रजी येतं व्हय? फोडलं पण नाय मी ते. त्याच संध्याकाळी तुझ्या हातात दिलं. दिलं का नाय?"

"दिलं," मनोज म्हणाला.

"आणि तुमी वाचलंत," जया म्हणाली.

"वाचलं. हजारो बायकांत एखादीला होतं, असं लिहिलं होतं त्यात. त्रास नसंल तर काही करू नका, असं पण लिहिलं होतं." त्याचा आवाज खाली गेला. "तू तेव्हा कुठं रात्रीची झोपायला लागली होतीस, जया. पाच वर्षं दचकून उठायचीस. मी म्हटलं, परत हिच्या डोक्यात कशाला घालायचं? आणि आपल्या हर्षूला तेव्हा पेणचं स्थळ आलं होतं. घरात तपासण्या सुरू झाल्या असत्या तर..."

"मग जाळलंत?"

"फाडलं."

"ते सोडा. समजा लाखात एक, समजा मला काळजी नको म्हणून. तेवढं पोटात घालते मी. गणपतीत काय झालं ते सांगा."

मनोज चौकटीचा कोपरा नखाने खरवडत राहिला.

"सांगा ना! मी तुमाला दाखवलं. इथं फुगलंय म्हणाले. तुमी काय म्हणालात? नैवेद्याचं पातेलं उचलताना लचक भरली असंल. म्हणालात का नाय? आणि कोमट तेल करून आणलंत. दसऱ्याला तेल, दिवाळीला तेल. तुमाला ठाऊक होतं त्या कागदात काय लिहिलंय, आणि तुमी रोज संध्याकाळी माझ्याजवळ बसून तेल चोळत होतात!"

"मला वाटलं जिरंल. देवाला नवस पण केला मी. वाटलं, लग्न तेवढं होऊ दे—"

"तुला वाटलं!" जन्मात नवऱ्याला अरेतुरे न केलेली जया ओरडली. "माझ्या छातीत मरण साठत होतं आणि तुला वाटलं! अरे, वैऱ्याने मारलं असतं तर तोंडावर मारलं असतं. तू माया करून मारलंस मला. कुणापाशी रडू मी? लोक म्हणतील, किती गं चांगला नवरा, बायकोला तेल लावतो!"

मनोज खाली बसला. दारातच, चपलांच्या शेजारी.

"हळू बोल," येसूबाई म्हणाली. "शेजारी कान देऊन बसल्यात."

"बसू देत."

"जये, ऐक माझं. पोराचं चुकलं. चुकलंच. पण आता झालं ते झालं. पंधरा दिवसांवर लग्न आलंय. हळद लागू दे, पोरगी सासरी कशेळ्याला जाऊ दे, दुसऱ्याच दिवशी मी स्वतः तुला घेऊन जाते. पंधरा दिवसांत काय आभाळ कोसळतंय?"

"मी परवा गुरुवारी भरती होतेय, आई. तारीख घेऊन आलेय."

"गुरुवारी? आणि हळदीला पोरीच्या शेजारी कोण बसंल?"

"मीच बसेन. नळ्या लोंबकळत असल्या तरी बसेन."

"आणि लोकांना काय सांगशील? विहीणबाई काय म्हणंल? पोरीच्या आईला दोन-दोनदा कॅन्सर! गोदूच्या पोरींचं काय झालं ते मी बघितलंय. तू नाय बघितलंस. तुला तुझा जीव प्यारा, पोरीचा संसार नाय!"

जया उत्तर देणार, तोच आनंदी बोलली. "आई, तोंड आवरा."

सगळ्यांनी वळून बघितलं. सासूला तोंड आवरा म्हणण्याची या घरात अजून कुणाची टाप झाली नव्हती.

"म्हशीच्या कासेला सूज आली तर तुमी त्याच दिवशी डॉक्टर बोलावता," आनंदी म्हणाली. "पंधरा दिवस थांबता का कधी? हिला मात्र थांब म्हणताय." मग ती नवऱ्याकडे वळली. "आणि तुमी हो? पाकीट मन्याभाऊजींच्या हातात दिलं म्हणजे सुटलात? गणपतीत ही डावा हात धरून मोदक वळत होती, ते मला दिसत होतं. मला ठाऊक असतं तर केसाला धरून नेली असती दवाखान्यात. पण मला कोण सांगतो? नऊ वर्षं मला पण पित्ताचे खडेच सांगितलेत तुमी."

"तुमाला ठाऊक नव्हतं?" जयाच्या तोंडून निघालं.

"मी तुझी जाऊ ना. वैरीण." आनंदी येऊन तिच्या शेजारी बसली. "पत्ता माझ्याच नवऱ्याचा, आणि मलाच खबर नाय. वा गं वा!"

अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा जयाला या बाईचा खांदा आपल्या खांद्याला लागलेला बरा वाटला. आपल्या बाजूला कुणीतरी आहे, या विचाराने तिचा राग उलट वाढला. आता एकेकाला उभा-आडवा घ्यायचा, असं तिने ठरवलं. सासूपासून सुरुवात करायची होती.

"म्हणजे आईला खडे नव्हते," मागच्या दारातून आवाज आला.

हर्षला उभी होती. कर्जतच्या हॉटेलातून कामावरून आलेली, अंगात अजून तिथला निळा कोट, हातात हेल्मेट. तोंड पांढरंफटक. कधीपासून उभी होती, देव जाणे.

"हर्षू," जया उठायला गेली.

"बस तू. मला फक्त सांग. नऊ वर्षांपूर्वी तू महिनाभर मुंबईला होतीस. मी बारावीला होते. मला भेटायला येऊ देत नव्हतात तुम्ही. नंतर तुझे केस गेले, तर म्हणालीस औषधं उष्ण पडली. ते काय होतं?"

"बाळा, तुझी परीक्षा होती..."

"परीक्षा संपून नऊ वर्षं झाली, आई!"

हर्षलाने हेल्मेट जमिनीवर आपटलं. ते घरंगळत मनोजच्या पायाशी गेलं. त्याने उचललं नाही.

"हॉटेलात लागले तेव्हा मेडिकलचा फॉर्म होता. आई, मावशी, आजी, कुणाला कॅन्सर होता का? मी 'नाही' लिहिलं. ठळक अक्षरात लिहिलं. मागच्या वर्षी आमच्याकडे तपासणीचं शिबिर झालं. बाई म्हणाली, घरात कुणाला असेल त्यांनी थांबा, त्यांची नीट तपासणी करायची. मी उठून चहा प्यायला गेले. माझ्या घरात कुठे कुणाला होता! सगळे ठणठणीत, एक आईला तेवढे खडे!"

"तुझं लग्न मोडू नये म्हणून केलं गं सगळं," येसूबाई रडायला लागली.

"आजी, तू थांब. मी आईशी बोलतेय." ती जयासमोर येऊन उभी राहिली. "तू बाबांना विचारतेयस, का लपवलंत. मोठ्या काकांना विचारतेयस. मी दारात उभी राहून सगळं ऐकलं. मला वाटत होतं, बाबांच्या थोबाडीत मारावी. पण त्यांनी एक कागद लपवला. तू? मला सत्ताविसावं चालू आहे. तू मला कधी सांगणार होतीस?"

जयाने तोंड उघडलं. उत्तर तिच्याजवळ होतं. लग्न झाल्यावर सांगणार होते, तू मार्गी लागल्यावर, सुखाने नांदायला लागल्यावर. उत्तर जिभेच्या टोकावर आलं आणि ते कुणाचं आहे हे तिला कळलं. ते दारात बसलेल्या माणसाचं होतं. शब्दसुद्धा त्याचेच. पोरीला काळजी नको, पोरीचं स्थळ हातचं जाऊ नये.

इतका वेळ ती सगळ्यांना रांगेत उभं करून झोडत होती, आणि रांगेत एक जागा तिची होती.

"नव्हते सांगणार," ती म्हणाली. खोटं बोलायचं तर आजच्या दिवशी तरी नको. "विचारलं नसतंस तर मरेपर्यंत नसतं सांगितलं. माझं चुकलं, हर्षू. बाबांचं चुकलं त्याहून जास्त चुकलं."

हर्षलाला बहुधा भांडण हवं होतं. ती तशीच उभी राहिली, ओठ आवळून.

जयाने पर्समधून फोन काढला. "विहीणबाईंना लावते."

"जये!" येसूबाई उठली. "तुला माझी शपथ हाय. पत्रिका वाटून झाल्यात!"

"वयनी, तिला अडव," मनोज म्हणाला.

"तुमी अडवा की. नवरा तुमी हाय," आनंदी म्हणाली आणि जागची हलली नाही.

जयाने हर्षलाकडे बघितलं. फोन तिच्यापुढे धरला. "तुझं लग्न हाय. लावू? तू नको म्हणालीस तर नाय लावत."

हर्षलाने नाक पुसलं. "लाव. आणि आवाज मोठा ठेव."

कशेळ्याला फोन लागला. विहीण विमलबाई नेहमीच्या उत्साहात सुरू झाली, मानपानाच्या साड्या आल्या, निळी तुमच्यासाठी काढून ठेवलीय. जयाने तिला मध्येच थांबवलं. सरळ सांगितलं. नऊ वर्षांपूर्वीचं सांगितलं, आजचं सांगितलं, गुरुवारचं सांगितलं. खडे खोटे होते, हेही सांगितलं. "लपवलं ते आमी. पोरीला काडीचं ठाऊक नव्हतं. तिला आत्ता कळतंय, तुमच्या पाच मिनिटं आधी. तिला बोल लावू नका."

पलीकडे कुठेतरी मिक्सर चालू होता, तो बंद झाला.

"आधी सांगायचं होतंत, जयाबाई," विमलबाई शेवटी म्हणाली. आवाजातला उत्साह पार उतरला होता. "आमाला असं फसवायला नको होतं."

"खरं हाय तुमचं."

"आता मी एकटी काय बोलू? घरात विचारते. मग कळवते." फोन बंद झाला.

"झालं!" येसूबाईने कपाळावर हात मारून घेतला. "झालं समाधान? मोडलंस ना पोरीचं लग्न?"

"मोडलं तर मोडलं, आजी," हर्षला म्हणाली. तिचा आवाज चिरकत होता. "ज्या घरात हे सांगितल्यावर लग्न मोडतं, तिथं जाऊन मी पण पुढं खडेच सांगत बसू?" मग ती आईकडे वळली, रागानेच. "चल आत."

"कशाला?"

"मला बघायचंय."

जया तिच्या मागे खोलीत गेली. बाहेर येसूबाई मनोजला शिव्या घालत होती, मनोज गजाननला, आणि आनंदी दोघांना. हर्षलाने दार ढकललं आणि दिवा लावला. नऊ वर्षं जयाने या पोरीसमोर साडी बदलली नव्हती. हात ब्लाउजच्या हुकांवर गेले आणि तिथेच थांबले. हर्षलाने तिचे हात बाजूला केले, स्वतः हुक काढले, एकेक, जोरात, जणू तेही तिच्याशी खोटं बोलले होते.

डावी बाजू फुगून ताणली गेली होती, खाली जुन्या टाक्यांची आडवी रेघ. हर्षला बघत राहिली. ओठ चावत होती, डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आणि तरी तोंडावर राग तसाच होता.

जयाने डावा हात वर केला. दुखलं, तरी पूर्ण वर केला. पोरीची बोटं धरून काखेत नेली.

"इथं," ती म्हणाली. "हळू नको. नीट दाब. काय लागतंय ते समजून घे. अंघोळ करताना तुला तुझी अशीच बघायची हाय."

हर्षलाने दाबलं.

"लागली?"

"लागली."

"आता तुझा हात वर कर."